एंझाइम कमी पडलं की जास्त झालं?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमचे मिस्टर एसटीत कंडक्टर आहेत, वय 41. दोन वर्षांपूर्वी संडासवाटे रक्त पडायला लागलं म्हणून दुर्बिणीची तपासणी केली, त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची जुनाट सूज आणि जखमा, निघाला. तेव्हापासून आतड्याच्या सुजेवरचं मेसालामिन चालू आहे. ड्युटीमुळे दुपारची गोळी कधी कधी राहते. वर्षभर बरं होतं, पण दिवाळीपासून पुन्हा दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं, रक्त आणि आव पडते. मलाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी 640 आली. डॉक्टर म्हणतात, आता प्रतिकारशक्तीला आवर घालणारं अझाथायोप्रिन सुरू करू, पण आधी एका एंझाइमची रक्ततपासणी करून आणा. पुण्याचे दीर म्हणतात, पचनाची एंझाइम कमी पडली असतील. त्यांनी कॅप्सूलचा डबा पाठवलाय. मिस्टर गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळी घेतात. मेडिकलवाला म्हणतो, यात सूज उतरवायचं एंझाइम आहे, आतड्यालाही चांगलं. नक्की एंझाइम कमी पडलंय की जास्त झालंय? ती तपासणी महाग आहे, करावीच लागेल का? दूध बंद केलंय, ताक चालेल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी. ती कधीपासून चालू आहे, आठवड्यातून किती वेळा घेतली जाते, हे तुमच्या पोटाच्या डॉक्टरांना माहीत आहे का? माझा अंदाज, नाही. गुडघ्याचं दुखणं वेगळ्या खात्यातलं, ते पोटाच्या डॉक्टरांना कशाला सांगायचं, असं बहुतेकांना वाटतं. ओपीडीच्या गर्दीत विचारायचंही राहून जातं.

त्या गोळीची पट्टी घरात असेलच. उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. तुम्ही नाव दिलेलं नाही, पण ‘सूज उतरवायचं एंझाइम’ म्हटल्यावर बहुधा तीन औषधं एकत्र असलेली गोळी असणार : असेक्लोफेनॅक 100 मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम आणि सेराशिओपेप्टिडेज 10 किंवा 15 मिलिग्रॅम. असेक्लोफेनॅकच्या जागी डायक्लोफेनॅकही असू शकतं. मेडिकलवाला सांगतो ते एंझाइम म्हणजे यातलं तिसरं. तुमच्या घरात गडबड करतंय ते पहिलं.

आधी तिसऱ्याचं बघून टाकू. एंझाइम म्हणजे सजीवांच्या शरीरातली एखादी रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. सेराशिओपेप्टिडेज हे रेशीमकिड्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका जिवाणूपासून मिळालेलं, प्रथिनं तोडणारं एंझाइम. तेही स्वतः एक प्रथिनच, म्हणजे पोटात गेलं की डाळ-उसळीसारखं पचून जायची शक्यता मोठी. जपानमध्ये टाकेडा कंपनी ते वर्षानुवर्षं विकत होती. नव्याने चाचण्या घेतल्या तेव्हा ते औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरेना, आणि 2011 मध्ये कंपनीने स्वतःहून ते बाजारातून काढून घेतलं. आपल्याकडे दात काढला, पाय मुरगळला, टाके घातले, काहीही झालं तरी ते चिठ्ठीवर असतंच. कोलायटिसवर त्याचा उपयोग आहे असं म्हणायला काडीचाही आधार नाही.

आता पहिल्याकडे. पेशीच्या आवरणात चरबी असते. कुठे इजा झाली की फॉस्फोलायपेज ए2 नावाचं एंझाइम त्या चरबीतून अ‍ॅराकिडोनिक आम्ल कापून मोकळं करतं. तिथून पुढे दोन वाटा फुटतात. एका वाटेवर सायक्लोऑक्सिजनेज बसलेलं असतं, डॉक्टर त्याला थोडक्यात कॉक्स म्हणतात. ते प्रोस्टाग्लँडिन तयार करतं. दुसऱ्या वाटेवर लायपॉक्सिजनेज असतं, ते ल्यूकोट्राइन तयार करतं, आणि त्यातलं एक ल्यूकोट्राइन रक्तातल्या पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावून घेतं. ठणका, लाली, ताप यामागे प्रोस्टाग्लँडिन असतात. म्हणून कॉक्सला अडवलं की दुखणं थांबतं. अ‍ॅस्पिरिन नेमकं हेच करतं, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं आणि 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. तोवर लोक सत्तरएक वर्षं अ‍ॅस्पिरिन खात होते, ते कसं चालतं हे न कळता. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी त्याच वाटेवर अडवणारी मंडळी.

गोची अशी की तेच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या आणि आतड्याच्या अस्तराची राखणही करतात. अस्तरावरचा बुळबुळीत थर, तिथला रक्तपुरवठा, बारीक जखमा भरून येणं, हे सगळं त्यांच्यावर अवलंबून असतं. कॉक्स बंद केलं की गुडघा शांत होतो, पण आतड्याचं अस्तर उघडं पडतं. शिवाय एक वाट बंद झाल्यावर मोकळं झालेलं आम्ल दुसऱ्या वाटेकडे, म्हणजे ल्यूकोट्राइनकडे वळू शकतं. ज्याचं मोठं आतडं आधीच सोललेलं आहे त्याला हे परवडत नाही. प्रत्येकाचा कोलायटिस अशा गोळ्यांनी उफाळतो असं मी म्हणणार नाही. काहींचा आठवड्या-दहा दिवसांत उफाळतो, काहींना वर्षभर खाऊन काही होत नाही, आणि आपण कुठल्या गटातले हे आधी कळत नाही.

एक काळ असा होता की यावर तोडगा सापडला असं वाटलं. कॉक्सचे दोन प्रकार आहेत : कॉक्स-1 रोजची राखण करणारं, कॉक्स-2 सूज आली की वाढणारं. हा दुसरा प्रकार 1990 च्या सुमारास सापडला, आणि फक्त त्यालाच अडवणारी औषधं निघाली. त्यातलं रोफेकॉक्सिब 1999 मध्ये आलं आणि हृदयविकाराचे झटके वाढतात म्हणून 2004 मध्ये बाजारातून गेलं. आतड्याच्या जखमा भरताना कॉक्स-2 सुद्धा लागतं, हेही कळलं. सेलेकॉक्सिब अजून मिळतं, आणि कोलायटिस शांत असताना अगदी थोड्या दिवसांसाठी डॉक्टर ते देतातही, पण ते त्यांनी ठरवायचं. आत्ता रक्त पडत असताना नाही.

लोक यातून पळवाटा काढतात, त्या दोन सांगून ठेवतो. ‘गोळी नको, इंजेक्शन घेऊ, म्हणजे पोटात जायला नको.’ औषध रक्तातून आतड्यापर्यंत पोचतंच, इंजेक्शनने फरक पडत नाही. ‘सोबत ॲसिडिटीची गोळी घेतो.’ पॅन्टोप्राझोलसारखी गोळी जठराला सांभाळते, मोठ्या आतड्याला तिचं संरक्षण नाही. गुडघ्याला मलम चोळायला मात्र हरकत नाही, त्यातलं रक्तात फार थोडं उतरतं. आणि गोळी हवीच असेल तर नुसतं पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. त्यातही नाव वाचून घ्या. कॉम्बिफ्लामला पुष्कळ घरांत ‘तापाची गोळी’ म्हणतात, पण त्यात पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन असतं.

आता त्या 640 कडे येऊ. कॅलप्रोटेक्टिन हे एंझाइम नाही, पांढऱ्या पेशींमधलं एक प्रथिन आहे. न्यूट्रोफिल जातीच्या या पेशी आतड्याच्या अस्तरात घुसतात आणि तिथून मलात उतरतात, तेव्हा ते मलात सापडतं. साधारण 50 च्या आत असलं की निश्चिंत. 640 म्हणजे आत सूज खरोखर आहे. या न्यूट्रोफिलकडे स्वतःची एंझाइम मात्र भरपूर असतात. इलास्टेज प्रथिनं कापतं. मायलोपेरॉक्सिडेज तर चक्क हायपोक्लोरस आम्ल बनवतं, म्हणजे फरशी पुसायच्या ब्लीचच्या जातीचं रसायन. ते जंतू मारण्यासाठी असतं. कोलायटिसमध्ये मारायला जंतू नसतानाही त्याचा मारा चालू राहतो आणि अस्तर भाजून निघतं. (पुवाला हिरवट झाक येते तीही याच एंझाइममुळे, ते मुळात हिरव्या रंगाचंच असतं.) तेव्हा ‘कमी पडलंय की जास्त झालंय’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच तर, सूज करणारी एंझाइम नको त्या जागी, नको तितका वेळ कामावर आहेत. त्यांना वर कॅप्सूलमधून कुमक पाठवून काही साधणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. दुखण्याच्या गोळ्यांनीसुद्धा कॅलप्रोटेक्टिन वाढतं. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांसमोर आज जे चित्र आहे ते ‘मेसालामिन चालू असूनही सूज वाढली, आता वरच्या पायरीचं औषध’ असं आहे. खरं चित्र ‘मेसालामिन अर्धवट, वर असेक्लोफेनॅक’ असं असेल तर निर्णय वेगळा होऊ शकतो. ते कदाचित म्हणतील, ही गोळी बंद करा, मेसालामिनचा डोस पुरा करा, जोडीला गुदमार्गे द्यायचं औषध घ्या आणि काही आठवड्यांनी तपासणी परत करू. कदाचित म्हणतील, नाही, अझाथायोप्रिन हवंच. दोन्ही ठीक, पण माहिती पुरी असू द्या. दुपारची गोळी ड्युटीवर राहते, तर सगळा डोस सकाळी एकदम घेता येईल का हेही विचारा. मेसालामिन दिवसातून एकदा घेतलं तरी तितकंच चालतं, हे तपासून पाहिलेलं आहे. आणि ती गोळी चावायची, फोडायची नाही. तिचं वरचं आवरण मोठ्या आतड्याच्या जवळपास विरघळावं म्हणून मुद्दाम घातलेलं असतं. गोळीचं काम तिथे अस्तरावर आहे.

गुडघ्यांबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, पण ते सोडून चालणार नाही. कोलायटिसच्या पेशंटमध्ये सांधे दुखणं हा पुष्कळदा त्याच आजाराचा भाग असतो. गुडघा, घोटा असे मोठे सांधे आतडं बिघडलं की दुखतात आणि आतडं निवळलं की बहुतेक वेळा निवळतात. दिवाळीपासूनच गुडघे जास्त दुखतायत का, आठवून बघा. दिवसभर उभं राहून दुखत असतील तर संध्याकाळी जास्त आणि आरामाने कमी. आजाराचे असतील तर सकाळी उठल्यावर सांधा आखडलेला, आणि हालचाल केल्यावर मोकळा. कंबरही सकाळी अशीच आखडत असेल तर ते वेगळ्याने सांगा, कारण कंबरेच्या सांध्याची सूज पोट बरं झालं तरी आपल्या वाटेने चालू राहते.

यावरून एक जुनं औषध आठवतं, आणि ते तुमच्या मिस्टरांच्या कामाचंही असू शकेल. स्वीडनमध्ये नाना स्वार्त्स नावाच्या डॉक्टर होत्या, तिथल्या सरकारी विद्यापीठातल्या पहिल्या महिला प्राध्यापक. त्यांना संधिवातावर औषध हवं होतं. संधिवात जंतूंमुळे होत असावा अशी तेव्हा शंका होती, म्हणून त्यांनी जंतूंवरचं सल्फा आणि सुजेवरचं सॅलिसिलेट एकाच रेणूत जोडून घेतलं. तेच सल्फासॅलाझिन. 1940 च्या दशकात दिसून आलं की ते घेणाऱ्यांचा कोलायटिस सुधारतोय. का सुधारतोय हे कळायला 1977 उजाडावं लागलं. ऑक्सफर्डमध्ये ए. के. आझाद खान, पिरिस आणि ट्रूलव्ह यांनी त्या औषधाचे तुकडे वेगवेगळे करून एनिमावाटे पेशंटना दिले. गुण सल्फाचा नव्हता, दुसऱ्या तुकड्याचा होता. तो तुकडा म्हणजे आजचं तुमचं मेसालामिन. आझाद खान हे बांगलादेशचे डॉक्टर, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

यात एक एंझाइमही आहे, आणि ते माणसाचं नाही. सल्फासॅलाझिनमधला जोड आपलं शरीर तोडू शकत नाही. मोठ्या आतड्यात राहणारे जिवाणू आपल्या अ‍ॅझोरिडक्टेज एंझाइमने तो तोडतात. म्हणजे औषधाची पुडी बरोबर पत्त्यावर जाऊनच फुटते. मेसालामिनच्या मानाने याचे त्रास जास्त : मळमळ, डोकेदुखी, लघवीला नारिंगी रंग, फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, आणि पुरुषांमध्ये घेत असेपर्यंत शुक्राणूंची संख्या घटते. मूल हवं असेल तर हे आधी बोलून घ्यावं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर नाहीच. पण कोलायटिस आणि सांधे दोन्ही असलेल्या पेशंटला ते अजूनही दिलं जातं. ‘सल्फासॅलाझिन चालेल का’ एवढं विचारून ठेवा.

आता तुमची महागडी तपासणी. करा. या पत्रातल्या सगळ्या एंझाइमांमध्ये ज्याच्यावर खिशातले पैसे घालवावेत असं हे एकच. अझाथायोप्रिन शरीरात गेलं की त्याचा काही भाग कामाचा होतो आणि काही भाग निकामी करून टाकावा लागतो. हे टाकायचं काम टीपीएमटी आणि एनयूडीटी15 ही दोन एंझाइम करतात. कुणाकुणात जन्मतःच ती मंद असतात. मग औषध साचत जातं आणि हाडातला मगज रक्तपेशी बनवणं थांबवतो. पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की साधा घसा दुखण्यावरून माणूस आयसीयूत जातो.

पाश्चात्त्य पुस्तकांत सगळा भर टीपीएमटीवर असतो, कारण गोऱ्या लोकांत तो दोष जास्त सापडतो. एनयूडीटी15 मधला दोष 2014 मध्ये कोरियन पेशंटमध्ये लक्षात आला, आणि तो आशियातल्या लोकांत, आपल्यातही, बराच आढळतो. भारतीय पेशंटसाठी हीच तपासणी जास्त कामाची आहे. लॅबमध्ये विचारून घ्या की पैसे नुसत्या टीपीएमटीचे घेतायत की दोन्हींचे. फक्त टीपीएमटी असेल तर चिठ्ठीवर एनयूडीटी15 लिहून आणा. रिपोर्ट चांगला आला म्हणजे सुटलो असं मात्र नाही. सुरुवातीचे दोन महिने डॉक्टर सांगतील तसं दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला रक्त तपासायचं, नंतर साधारण तीन महिन्यांनी. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने केस गळायला लागले, तोंड आलं, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. आणि हे औषध सावकाश चढतं. गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून दोन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देऊ नये.

गुडघे दुखतात म्हटल्यावर उद्या कुणीतरी युरिक अ‍ॅसिड तपासायला लावेल, ते जरा वाढलेलं निघेल आणि हातात अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट पडेल. ही दोन्ही झॅन्थीन ऑक्सिडेज नावाचं एंझाइम बंद करतात. अझाथायोप्रिनची विल्हेवाट लावणारं हे तिसरं. यातली एखादी गोळी आणि अझाथायोप्रिन एकत्र पुऱ्या डोसात घेतलं तर रक्तपेशी कोसळतात. हा घोळ कागदावरचा नाही, प्रत्यक्ष होतो, कारण दोन वेगळे डॉक्टर दोन वेगळ्या चिठ्ठ्या लिहितात आणि मेडिकलमध्ये कुणी जुळवून बघत नाही. मिस्टरांच्या मोबाइलच्या मागे, पाकिटात, कुठेही एक कागद ठेवा : ‘अझाथायोप्रिन चालू. युरिक अ‍ॅसिडची गोळी विचारल्याशिवाय नाही.’

दिरांच्या कॅप्सूलबद्दल थोडक्यात. स्वादुपिंडातून येणारी लायपेज, अमायलेज, ट्रिप्सिन ही पचनाची एंझाइम खरोखर कमी पडतात ती जुनाट पॅन्क्रिएटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, अशासारख्या आजारात. तेव्हा मल तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारा, फार दुर्गंधी असतो, आणि वजन उतरतं. रक्त आणि आव पडत नाही. कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा आजार. अन्न तिथे पोचतं तोवर पचनाचं काम लहान आतड्यात उरकलेलं असतं. दिरांना वाईट वाटू देऊ नका, पण डबा बाजूला ठेवा.

दुधाचा प्रश्न लॅक्टेजचा. दुधातली साखर तोडणारं हे एंझाइम आपल्याकडे पुष्कळ मोठ्या माणसांत कमी असतंच, कोलायटिस असो वा नसो. दुधाने पोट फुगत असेल, गुरगुरत असेल तर दूध टाळा. त्रास होत नसेल तर बंद करायचं कारण नाही. दही-ताकात ती साखर विरजणाने बरीच कमी केलेली असते, म्हणून ताजं, कमी तिखट-मिठाचं ताक चालेल. सूज वाढलेली असताना हिरव्या मिरचीचा ठेचा आणि अख्ख्या डाळींच्या उसळी जरा लांब ठेवा, पण मूगडाळ-भात, अंडं, मऊ भाजी पोटभर द्या. उपाशी ठेवून कोलायटिस बरा होत नाही, नुसतं वजन जातं आणि औषध सोसायची ताकदही.

पुढच्या भेटीला जाताना घरातली प्रत्येक पट्टी, दिरांचा डबासुद्धा, पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ओता. नावं सांगण्यापेक्षा ते बरं. आणि भेटीच्या तारखेची वाट बघायची नाही अशी वेळ कुठली, तेही लिहून घ्या : चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि त्याबरोबर ताप, नव्वदच्या वर गेलेली नाडी किंवा चालताना येणारी चक्कर. पोट फुगून टणक झालं असेल तरीही तसंच. अशा वेळी घरी जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. थेट हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.